हरलेल्याला घरी नेण्याची रीत

फार पूर्वी, डोंगरांतले राक्षस नुकतेच कायमचे झोपी गेले होते आणि त्यांच्या पाठींवर गवत उगवू लागलं होतं, त्या काळातली ही गोष्ट. डोंगरांच्या पायथ्याला एक सपाट, सुपीक मुलूख होता. तिथं भात पिकायचा, तीळ पिकायचे, गाईगुरांना तोटा नव्हता, आणि राजाही चारचौघा राजांसारखा बरा होता. त्या मुलखात एकच गोष्ट नव्हती. मीठ.

मीठ यायचं डोंगरापलीकडच्या समुद्रावरून. बैलांच्या पाठीवर गोणी लादून तांडे जुन्या घाटानं ये-जा करायचे. पण एके वर्षी कडाच्या कडा खाली आला आणि घाट असा बुजला, की पुन्हा उकरून काढायची सोय राहिली नाही. घरोघरची मिठाची मडकी हळूहळू रिकामी झाली. लोक अळणी जेवू लागले. लोणची नासली. गुरं गोठ्याच्या भिंती चाटू लागली, गाई आटल्या.

डोंगर ओलांडायला दुसरी एक वाट होती, पण ती कडेकऱ्यांच्या कुरणातून जात होती. कडेकरी म्हणजे उंच कड्यांवर ठेंगण्या दगडी घरांत राहणारे लोक. ते ढगमेंढ्या पाळायचे. या मेंढ्यांची लोकर इतकी हलकी आणि करडी असायची, की लांबून बघणाऱ्याला कळप कुठला आणि धुकं कुठलं ते समजत नसे. राजानं दूत पाठवून कडेकऱ्यांकडे वाट मागितली. कडेकऱ्यांनी नाही म्हणून सांगितलं. तांड्यांच्या आवाजानं मेंढ्या बुजतात, असं कारण दिलं. दूतांनी ते दरबारात सांगितलं तेव्हा दरबारी हसले. अख्ख्या राज्याच्या तोंडचं मीठ अडलंय आणि हे लोक मेंढ्यांचं काय घेऊन बसलेत, असं सगळ्यांनाच वाटलं.

राजानं पुन्हा निरोप पाठवला, या वेळी जरा दरडावून. तेव्हा वरून उत्तर आलं, की बोलून मिटत नसेल तर आमच्याकडे एक रीत आहे. तुमचा एक माणूस आणि आमचा एक, काठीची झुंज होईल. जिंकेल त्याची मागणी मान्य.

राजाला हे फारच आवडलं. कारण त्याच्यापाशी अरिंजय होता.

अरिंजय राजाचा पहिला काठीबहाद्दर होता. उंचीला बेताचाच, पण खांद्यानं रुंद, आणि काठी हातात आली की डोळ्याचं पातं लवायच्या आत तिची दोन्ही टोकं फिरायची. त्याला कुणी हरवल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. जिंकून आलास की हत्तीवरून मिरवणूक काढीन, असा शब्द राजानं त्याला दिला. अरिंजयनं मान लववली. हत्तीचं त्याला फारसं अप्रूप नव्हतं, असं तो घरी बायकोला म्हणाला. पण ते पूर्ण खरं नव्हतं.

त्याच्यासोबत दुभाषी म्हणून सोमाई निघाली. सोमाईचा जन्म कडेकऱ्यांतला. खालच्या मुलखातल्या एका विणकराशी लग्न होऊन ती फार वर्षांपूर्वी सपाटीवर आली होती. चढण चढताना ती अरिंजयला कडेकऱ्यांच्या चालीरीती सांगत होती. त्यांच्या बोलीत आदराचा ‘तुम्ही’ नाही, राजालाही ते ‘तू’च म्हणतील, तेव्हा राग मानू नका. घरात शिरताना उंबऱ्यावर हात टेकवायचा. मेंढीला नावानं हाक मारायची नाही, तिला दृष्ट लागते. अरिंजय हूं हूं करत होता. काठी किती लांब, मैदान कसं, झुंज कधी संपली म्हणायची, एवढंच त्यानं नीट विचारून घेतलं. जो स्वतःच्या पायांवर उभा राहू शकणार नाही तो हरला, असं सोमाईनं सांगितलं. मग म्हणाली, “झुंजीनंतरचीही एक रीत आहे, अरिंजयराव. ती आत्ताच ऐकून ठेवा.”

“आधी जिंकू तर दे,” असं म्हणून अरिंजय पुढं चालू लागला. 

झुंजीचं मैदान म्हणजे दोन कड्यांच्या मधली सपाट जागा होती. कडेकरी एका बाजूला उभे होते, अरिंजयबरोबर आलेले राजाचे शिपाई दुसऱ्या बाजूला. शिपायांनी ढोल आणले होते आणि झेंडूचा एक मोठा हार ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. कडेकऱ्यांच्या वतीनं उतरला तो कान्हड. उंच, सडपातळ मेंढपाळ. लोकर विकायला खालच्या बाजारात त्याचं जाणं-येणं असायचं, त्यामुळं खालची भाषा त्याला मोडकीतोडकी येत होती. त्यानं अरिंजयकडे बघून मान हलवली आणि काठी उचलली.

कान्हड चपळ होता. पहिले काही वार त्यानं असे चुकवले, की अरिंजयला मनातून बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी तोलामोलाचा कुणी समोर आला होता. पण काठी हा कान्हडचा रोजचा उद्योग नव्हता. थोड्या वेळानं त्याचा दम तुटला, पाय किंचित उशिरा उचलला गेला, आणि अरिंजयची काठी त्याच्या नडगीवर बसली. हाड मोडल्याचा आवाज दोन्ही बाजूंना ऐकू गेला. कान्हड खाली बसला. एकदा उठायला बघितलं, आणि पुन्हा बसला.

शिपायांनी ढोल वाजवायला सुरुवात केली. कडेकऱ्यांतलं मात्र कुणी रडलं नाही, कुणी रागावलं नाही. ते नुसते उभे राहून अरिंजयकडे बघत होते. त्यांच्यातली सगळ्यांत वयस्कर बाई, जिला लहानथोर सगळेच मोठीआई म्हणत, ती पुढं आली आणि काहीतरी बोलली.

सोमाईनं सांगितलं, “ती म्हणते, आता याला उचल आणि त्याच्या घरी ने.”

अरिंजयला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. सोमाईनं नीट समजावलं. कडेकऱ्यांत जो जिंकतो त्यानं हरलेल्याला आपल्या पाठीवर घालून त्याच्या घरी पोचवायचं असतं. त्याच्या घरची चूल आपल्या हातानं पेटवायची, तिच्यावर शिजेल ते खायचं, आणि मग तिथं बसून आपली मागणी सांगायची. मैदानात मागणी सांगत नाहीत.

घर कुठं आहे, असं अरिंजयनं विचारलं. सोमाईनं पलीकडच्या डोंगराच्या धारेकडे बोट दाखवलं. घर दिसतही नव्हतं. अरिंजय म्हणाला, चार शिपाई देतो, डोली करून पोचवतील. सोमाईनं मान हलवली. डोली चालत नाही, जिंकणाऱ्याचीच पाठ लागते.

अरिंजयनं मागं वळून बघितलं. शिपायांनी हार फडक्यातून बाहेर काढला होता. त्याच्या मुलखात माणसं वाहून नेणारे लोक वेगळे असत आणि मिरवणुकीत बसणारे वेगळे. ज्यांच्यासमोर तो आजवर ताठ मानेनं उभा राहिला, त्यांच्यासमोर हरलेल्या माणसाला पाठुंगळीला घेऊन वाकून चालायचं, ही कल्पनाच त्याला सोसेना.

तो म्हणाला, “मी काठी चालवायला आलो होतो. ओझी वाहायला नाही.”

सोमाईनं ते जसंच्या तसं सांगितलं. मोठीआईनं ऐकून घेतलं आणि ती मागं सरली. अरिंजयच्या गळ्यात हार पडला. उतरताना त्यानं एकदा वर बघितलं. कडेकरी कान्हडच्या भोवती दगड रचत होते आणि त्यांवर घोंगड्या ताणत होते. कान्हडला मात्र कुणी हलवलं नव्हतं.

खाली मिरवणूक निघाली. हत्ती निघाला, फुलं उधळली गेली, अरिंजयच्या लहान मुलीनं बापाला ओळखून हात हलवला. दुसऱ्याच दिवशी मिठाचा तांडा डोंगराकडे रवाना झाला. बैलांच्या शिंगांना रंग दिला होता, गळ्यांत नवे घुंगूर बांधले होते.

तांडा रिकामाच परत आला.

तांड्याच्या नाईकानं सांगितलं, की कडेकऱ्यांनी अडवलं, पण भांडले नाहीत. सगळ्यांना दूध पाजलं, बैलांना चारा घातला आणि म्हणाले, झुंज अजून संपलेली नाही. हरलेला अजून घरी पोचलेला नाही. तो पोचेपर्यंत इकडचा माणूस तिकडे नाही आणि तिकडचा इकडे नाही.

राजा संतापला. दिलेला शब्द मोडला म्हणाला. त्यानं सैन्य गोळा करायचा हुकूम सोडला. कडेकऱ्यांकडे जाणारी खिंड इतकी अरुंद होती, की वर बसून चार माणसांनी दगड लोटले तरी खालची तुकडी चेंगरून जाईल, असं प्रधानानं सुचवून बघितलं. पण मिठावाचून राज्य फार दिवस तगणार नाही, हे प्रधानही जाणून होता. सैन्याच्या पुढं अरिंजयनं राहायचं ठरलं.

अरिंजय दरबारातून निघाला तो घरी न जाता विणकरांच्या आळीत सोमाईकडे गेला. ती मागावर बसली होती. त्यानं कान्हडची चौकशी केली.

“तिथंच आहे, तांड्याबरोबर निरोप आला,” सोमाई म्हणाली. “पायाला कामट्या बांधल्यात. खायला-प्यायला घालतात, आळीपाळीनं सोबतीला बसतात. घरी त्याची आई एकटी असते. तिची चूल बंद आहे.”

“मग उचलून घरी का नेत नाहीत? पाच माणसांचं तर काम.”

सोमाईनं माग थांबवला. “ज्यानं पाडलं त्यानंच उचलायचं. दुसऱ्यानं उचललं तर तो माणूस उभ्या जन्मात पडलेलाच राहतो, असं आम्ही मानतो. त्याला विचारलंत तर तोही जाणार नाही.”

 आपण पलंगावर झोपत होतो, त्या सगळ्या दिवसांत तो माणूस आपण पाडला त्याच जागी थंडीवाऱ्यात पडून होता, आपली वाट बघत; ही गोष्ट अरिंजयला एखाद्या मारापेक्षा जास्त लागली. आजवर त्यानं पुष्कळांना पाडलं होतं. पाडल्यावर त्यांचं काय होतं, हे त्याला कधी ठाऊकच नव्हतं.

तो तसाच राजाकडे परत गेला आणि सैन्य जमेपर्यंत एकट्यानं वर जाऊन येण्याची परवानगी मागितली. कशासाठी, तेही सांगितलं. राजाला ते रुचलं नाही. लोक हसतील, असं तो म्हणाला.

“हसतील, महाराज,” अरिंजय म्हणाला. “पण खिंडीत माणसं मरण्यापेक्षा ते बरं.”

राजानं परवानगी दिली. सैन्य मात्र जमतच होतं.

अरिंजय वर पोचला तेव्हा दुपार होती. दगडांच्या आडोशातून कान्हडनं मान बाहेर काढली. तो वाळला होता, दाढी वाढली होती. “आलास,” एवढंच तो म्हणाला. त्यात टोमणा नव्हता.

“उशीर झाला,” अरिंजय म्हणाला आणि त्याच्यापुढं पाठ करून खाली बसला.

कडेकऱ्यांनी कान्हडला त्याच्या पाठीवर चढवायला मदत केली नाही; रीत तशी नव्हती. अरिंजयनंच हात मागं घेऊन, दुखरा पाय सांभाळत, त्याला पाठुंगळीला घेतलं आणि उठला. पहिल्या काही पावलांतच त्याला कळलं, की काठीची ताकद वेगळी आणि ही वेगळी. काठी फिरवायला झटका लागतो. इथं नुसतं सोसत राहायचं होतं. चढ सरता सरत नव्हता. पाय घसरला की पाठीवरचा माणूस कण्हायचा, आणि ते कण्हणं थेट त्याच्या कानाशी यायचं.

कुठं वळायचं, कुठला दगड हलतो, कुठं थांबायचं, हे कान्हड सांगत होता. हरणारा वाटाड्या आणि जिंकणारा बैल, अशी ती जोडी चालली होती. एका सपाट धोंड्यावर अरिंजयनं त्याला उतरवलं आणि दोघंही दम खात बसले.

कान्हडनं विचारलं, “तुझ्या घरी कोण कोण?”

अरिंजयनं सांगितलं. बायको आहे, एक मुलगी आहे. मुलगी लहान आहे, अळणी पेज पुढं आली की तोंड फिरवते. बायको पेजेत चिंच घालून बघते, कधी गूळ घालते. मुलगी दोन घास खाते आणि उठून जाते. हातापायांच्या काड्या झाल्यात. घरची गाय आटली. शेजारची तर गेलीच. हे सांगताना अरिंजयला जाणवलं, की आपण झुंजायला आलो तेव्हा यातलं काही आपल्या मनात नव्हतं. हत्ती होता.

कान्हड ऐकत होता. मग म्हणाला, “तुमचे दूत आले होते ते यातलं काही बोलले नाहीत. राजाची आज्ञा आहे, एवढंच म्हणाले.”

“तुम्हीही नुसतं मेंढ्या बुजतात म्हणालात.”

“पुढं चल,” कान्हड म्हणाला. “दाखवतो.”

धार ओलांडली आणि खाली कुरण दिसलं. कुरणाच्या एका अंगाला डोंगर होता आणि दुसऱ्या अंगाला उभा कडा, ज्याच्या खाली नुसती पोकळी. गवतावर ढगमेंढ्या बसल्या होत्या, जणू ढगच उतरून पसरला होता. विण्याचे दिवस होते. प्रत्येक मेंढीच्या पोटाशी एखादं ओलं, लटपटतं कोकरू होतं. कान्हडनं अरिंजयच्या कानाशी तोंड नेऊन वहाणा काढायला सांगितल्या. अरिंजयनं त्या काढल्या आणि अनवाणी, जपून चालू लागला.

अर्ध्या कुरणात त्याच्या पायाखालचा एक दगड सुटला आणि खडखडत खाली गेला. फार मोठा आवाज नव्हता. पण सगळा कळप एकदम उठला. डोळ्यांसमोरचं धुकं जिवंत व्हावं तसा तो उसळला आणि कड्याच्या दिशेनं धावत सुटला. अरिंजय जागच्या जागी थिजला. पाठीवरून कान्हडनं दातांतून हलकी, लांब शीळ घातली. पुन्हा घातली. कळपाचा वेग कमी झाला, आणि कड्याच्या अगदी टोकाशी मेंढ्या थांबल्या.

एक कोकरू थांबलं नाही. त्याला अजून थांबता येत नव्हतं.

त्याची आई कड्याच्या काठावर उभी राहून खाली बघत राहिली.  अरिंजयच्या डोळ्यांपुढं रंगवलेल्या शिंगांचे बैल आले, त्यांच्या गळ्यातले घुंगूर आले, तांडेवाल्यांच्या आरोळ्या आल्या. कुरण ओलांडेपर्यंत त्यानं प्रत्येक पाऊल आधी चाचपलं आणि मगच टेकवलं.

घर पलीकडच्या उतारावर होतं. दारात कान्हडची आई उभी होती. मुलाला पाठीवर घेऊन येणारा माणूस कोण, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. अरिंजयनं उंबऱ्यावर हात टेकवला आणि कान्हडला आत नेऊन घोंगडीवर उतरवलं. आईनं आधी मुलाच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, मग त्याचा पाय बघितला, हळूच दाबूनही बघितला. मग ती उठली, पाण्याचं भांडं घेऊन आली आणि खाली बसून तिनं अरिंजयचे पाय धुतले. अनवाणी चालून ते सोलवटले होते. ज्या माणसानं आपल्या मुलाचा पाय मोडला त्याचे पाय धुताना तिच्या मनात काय चाललं असेल, हे अरिंजयला कळेना. त्याला तिच्याकडे बघवत नव्हतं.

तिनं चुलीकडे बोट दाखवलं. चुलीत इतक्या दिवसांची गार राख होती. अरिंजयनं ती भरून काढली, काटक्या रचल्या, चकमक झाडली आणि फुंकर घालत राहिला. जाळ धरला तेव्हा आईनं पहिल्यांदाच मोकळा श्वास टाकल्यासारखं वाटलं. तिनं भाकरी थापली. भाकरीबरोबर दही दिलं, आणि दह्यावर चिमूटभर काहीतरी पांढरं टाकलं.

अरिंजयनं घास तोंडात घातला आणि थांबला. मीठ होतं. इतक्या महिन्यांनी जिभेवर आलेल्या त्या चवीनं त्याच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मुलीचं फिरवलेलं तोंड त्याला आठवलं. आईनं ते पाणी बघितलं आणि कान्हडला काहीतरी विचारलं. कान्हडनं तिला पेजेचं, चिंचेचं, गाईचं सगळं सांगितलं. तिनं आणखी एक चिमूट अरिंजयच्या दह्यावर टाकली.

जेवणं झाली. आई चुलीपुढं बसली, कान्हड भिंतीला टेकून बसला. आई बोलली आणि कान्हडनं तिचं बोलणं खालच्या भाषेत केलं. “ती म्हणते, तू जिंकलास. आता काय हवं ते माग. द्यावं लागेल.”

अरिंजय घरून निघाला तेव्हा त्याची मागणी ठरलेली होती. कायमची वाट, बारा महिने, बिनशर्त. राजानं तेच शिकवून पाठवलं होतं. आणि गंमत म्हणजे ती मागणी ज्याच्याविरुद्ध होती, त्यालाच ती आपल्या आईला समजावून सांगायची होती. अरिंजयनं चुलीतलं लाकूड उगाच आत सारलं.

मग त्यानं कान्हडला विचारलं, “विण्याचे दिवस कधी सरतात?”

“कोकरं आईमागं धावायला लागली की.”

“तोवर तांडा येणार नाही,” अरिंजय म्हणाला. “त्यानंतर वाट द्या. बैलांच्या गळ्यात घुंगूर असणार नाहीत. आरोळ्या नाहीत. पुढं तुमचा माणूस चालेल, तो म्हणेल तिथं थांबू. हीच माझी मागणी.”

कान्हडनं त्याच्याकडे जरा रोखून बघितलं. मग आईकडे वळून त्यानं ते सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही; बोली कळत नसूनही अरिंजयला ते कळलं.  आई जे बोलली ते कान्हडनं थोडं थांबून सांगितलं.

“ती म्हणते, कोकरं धावायला लागायला अजून वेळ आहे. तुझी पोर तोवर काय खाईल? बैल येऊ शकत नाहीत, पण माणसं अनवाणी येऊ शकतात. मेंढ्या आमच्या पावलांना बुजत नाहीत. तोवरचं मीठ आम्ही पाठीवरून खिंडीपर्यंत आणून देऊ.”

हे कुणी मागितलं नव्हतं. मागायचं कुणाला सुचलंही नसतं.

सकाळी मोठीआईला कळवलं गेलं. तिनं येऊन पेटती चूल बघितली, भिंतीला टेकलेला कान्हड बघितला, आणि झुंज संपल्याचं सांगितलं.

अरिंजय खाली उतरला तेव्हा डोंगराच्या पायथ्याशी सैन्याचे तंबू पडले होते. त्याच्या एका खांद्यावर मिठाची छोटी पिशवी होती आणि पायांत वहाणा नव्हत्या. दरबारात त्यानं सगळं सांगितलं. ऐकता ऐकता राजाच्या कपाळावर आठ्या चढल्या.

“तू जिंकला होतास,” राजा म्हणाला. “सगळं मागता आलं असतं. आणि तू वर्षातले काही दिवस सोडून, घुंगूर काढून, त्यांच्या माणसामागून चालायचं कबूल करून आलास. असं का केलंस?”

“महाराज, मागणी त्यांच्या चुलीपुढं बसून बोलायची होती,” अरिंजय म्हणाला. “आईसमोर, पोराच्या मोडक्या पायासमोर. तिथं याहून जास्त माझ्या तोंडून निघालं नाही. मैदानात मागायचं असतं तर सगळं मागितलं असतं, आणि आज आपण खिंडीत प्रेतं मोजत असतो.”

 शेवटी राजानं सेनापतीला जवळ बोलावलं आणि तंबू काढायला सांगितले. आठ्या मात्र लगेच गेल्या नाहीत. राजे असे एका दिवसात बदलत नसतात.

ठरल्याप्रमाणे खिंडीच्या तोंडाशी मिठाच्या गोणी येऊन पडू लागल्या. अनवाणी माणसं त्या आणून ठेवायची आणि तांडेवाल्यांशी दोन शब्द बोलून परत फिरायची. पुढं कोकरं धावायला लागली, तेव्हा पहिला तांडा कुरणातून गेला. बैलांच्या खुरांना कापड गुंडाळलं होतं. सगळ्यांच्या पुढं कान्हड चालत होता, किंचित लंगडत. त्याचा पाय पूर्ण सरळ झाला नाही तो नाहीच. त्याच्यामागं अरिंजय होता. मेंढ्यांनी माना वर करून बघितलं आणि पुन्हा गवताला तोंड लावलं.

तात्पर्य काय, तर जिंकल्यावर लगेच मागू नये. आधी हरलेल्याला त्याच्या घरी पोचवावं, त्याच्या चुलीपुढं बसावं, आणि तिथं जेवढं मागवेल तेवढंच आपलं समजावं.